दिगंबरचा हूक कोणी लावला?

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं गुपचूप वाचते आहे. खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचायचे. चिंचेखाली बाई उभी होती, घाटात कोणीतरी लिफ्ट मागितली... आमच्या नारायण पेठेत असल्या गोष्टींना मुळी जागाच नाही. दोन घरांच्या मधून सायकल नेताना अंग चोरावं लागतं, तिथे भूत उभं कुठे राहणार? घरात कोणाला साधा ताईत बांधलेला मी पाहिला नाही. विश्वास वगैरे सोडाच, या विषयावर गंभीरपणे बोलणाऱ्या माणसाशी मी दुसऱ्या वाक्याला वाद घालायचे.

शिवाय माझा पेशाच असा की त्यात प्रत्येक गोष्टीला कारण असतं. मी सेफ्टी ऑफिसर आहे. उंचीवर काम करणाऱ्या माणसांना न पडण्याचं शिक्षण द्यायचं, हे माझं काम. अपघात झाला की रिपोर्टमध्ये आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. माणूस पडला — का? फळी सरकली. का? बांधली नव्हती. का? बांधायची तार संपली होती... असं करत करत पाचव्या 'का'ला खरं कारण हाताला लागतंच लागतं. आजवर असे कितीतरी रिपोर्ट लिहिले. एकच अडलाय. वीस वर्षं होत आली, पण तो आठवला की अजूनही भीती नाही वाटत हो, आनंदच होतो! तर सगळं नीट, क्रमाने सांगते.

तेव्हा हडपसरला जिकडे बघावं तिकडे क्रेन होत्या. "कोबी काढून आयटी लावल्याय," असं आमचे फोरमन बबनराव म्हणायचे. ते मूळचे तिथलेच, आणि आमची इमारत उभी राहत होती ती त्यांच्या चुलत्याच्या जुन्या शेतात. अकरा मजले, दर्शनी बाजू पूर्ण काचेची. कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. आज तिथे हजारभर मुलंमुली गळ्यात ओळखपत्र अडकवून बसतात, त्यांना कशाला त्रास!

साइटवर मी एकटीच बाई. माझं खरं नाव मंजिरी, पण ते हजेरीपटाबाहेर कोणी घेतलं नाही. सगळे मला हूकबाई म्हणायचे. माझ्या मागे म्हणायचे असं त्यांना वाटायचं.

हूकबाई का, तर त्याची गोष्ट अशी. उंचीवर जाणारा प्रत्येक जण एक पट्टा घालतो — खांद्यांवरून आणि मांड्यांमधून जाणारा, पॅराशूटवाल्यांचा असतो तसा. त्याच्या पाठीला एक दोरी असते आणि दोरीच्या टोकाला मोठा पोलादी हूक. इमारतीच्या कडेने पोलादी दोर ताणलेला असतो, त्याला म्हणायचं लाइफलाइन. हूक त्या दोरात अडकवायचा, मग बाहेर पाय टाकायचा. इतकं साधं! पण आमचे लोक पट्टा घालायचे आणि हूक लावायचेच नाहीत. विचारलं की, "पट्टा घातलाय ना मॅडम!" अरे, पट्टा म्हणजे काय मुंज झाल्याचं जानवं आहे का, नुसतं घातलं की काम झालं? म्हणून दिवसभर माझ्या तोंडी एकच प्रश्न असायचा — "हूक कुठंय?"

ट्रेनिंगच्या सुरुवातीला मी वाळूचं पोतं वापरायचे. पोत्याला पट्टा घालायचा, डोक्यावर हेल्मेट बांधायचं. आधी हूक न लावता दोन मजल्यांच्या उंचीवरून खाली ढकलायचं. पोतं फुटायचं, वाळू सगळ्यांच्या पायांपर्यंत यायची आणि बॅच एकदम चिडीचूप व्हायची. मग दुसरं पोतं हूक लावून ढकलायचं. ते धाडकन खाली जायचं आणि मध्येच गपकन थांबून झोके घ्यायचं! दर वेळी टाळ्या पडायच्या. मलासुद्धा दर वेळी तितकाच आनंद व्हायचा, शपथ.

त्यानंतर प्रत्येकाची परीक्षा. पास झाला तर 'हाइट पास' — त्यावर माझी सही असल्याशिवाय कोणी वर जायचं नाही.

काच बसवणारी टोळी आली त्यात दिगंबर होता. यवतमाळकडचा, तिशीचा, अंगाने काटक आणि हाताने इतका हलका की चार माणसं धरतात ती काच हा एका बोटाने जागेवर सरकवायचा. परीक्षेला त्याला उंच तुळईवर चढवलं आणि म्हटलं, "हूक लाव." त्याने तत्परतेने लावला. कुठे? स्वतःच्याच पट्ट्याच्या छातीवरच्या कडीला!

खालून बघितलं की हूक लावलेला दिसतो. चालताना तो मध्येमध्ये येऊ नये म्हणून सगळेच तो असा अडकवून ठेवतात, आणि मग तिथेच विसरतात. साहेब खालून ओरडला की छातीवर हात ठेवून दाखवायचं — हा काय, लावलाय! ही युक्ती मी इतक्या साइटवर बघितली आहे... पण परीक्षेत, माझ्या डोळ्यांदेखत, इतक्या निरागस चेहऱ्याने कोणी केली नव्हती.

"अरे, स्वतःलाच धरून पडशील काय?" मी ओरडले.

सगळी बॅच खो खो हसली. दिगंबरने खाली छातीकडे पाहिलं आणि जीभ चावली. "हात आपोआपच जाते मॅडम. सवय पडली."

हीच तर भीती. चूक माहीत नसलेल्या माणसाला शिकवता येतं. सवयीने हात जाणाऱ्याचं काय करायचं? नियमाने मी त्याला नापास करून आठ दिवसांनी परत बोलवायला हवं होतं. पण प्रोजेक्ट मॅनेजर सकाळपासून डोक्यावर बसला होता, की सोमवारी नवव्या मजल्यावर काच चढलीच पाहिजे आणि तो कोपरा दिगंबरशिवाय कोणाला जमणार नाही. दिगंबरही हात जोडून उभा. "मॅडम, मले खाली नका ठेवू. मी काचवाला हाये, रेती चाळाले नाही आलो."

मी सही केली. हो, केली! ही माझी चूक आणि ती मी लपवणार नाही. फक्त त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, एक महिना तुझा हूक रोज मी स्वतः बघणार. मी बघितल्याशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही. शब्द दे."

"देल्ला शब्द. पण मंग तुमीबी द्या. रोज येजा."

"दिला. रोज येईन."

त्याप्रमाणे रोज सकाळी मी नवव्या मजल्यावर जायचे. दिगंबर कडेच्या आत उभा असायचा. मी विचारायचे, "हूक कुठंय?" तो छातीवरून काढून लाइफलाइनला लावायचा. मी तो दोनदा ओढून बघायचे आणि त्याच्या हेल्मेटवर दोन टिचक्या मारायचे — टक, टक. म्हणजे जा. हळूहळू ती आमची गंमतच झाली. टिचक्या मारायला विसरले तर तो हेल्मेट पुढे करून उभा राहायचा.

आता आणखी एकच गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दर महिन्याला आम्ही सगळे पट्टे तपासतो. शिवण, कड्या, दोरी ठीक असेल तर पट्ट्याला त्या महिन्याच्या रंगाची प्लास्टिकची पट्टी बांधतो — वायर बांधायला वापरतात ती, दातेरी. एकदा ओढली की सुटत नाही, कापावीच लागते. त्या महिन्यात निळी होती, पुढच्या महिन्यात हिरवी लागणार होती. हिरव्या पट्ट्या शोधून शोधून मी बुधवार पेठेतून स्वतः आणल्या होत्या. शंभरचा एक पुडा, सीलबंद, माझ्या बॅगेत.

एक तारखेला सकाळी घरून निघतानाच फोन वाजला. मॅनेजर. "मॅडम, आज इकडे येऊ नका. लोणी काळभोरला जा." तिथे आमच्याच कंपनीचं एका कॉलेजच्या वसतिगृहाचं काम चाललं होतं, तिथला ट्रेनर आजारी पडला होता आणि चाळीस माणसं हॉलमध्ये बसून होती. मी म्हटलं, आज पट्ट्या बदलायच्यात. तो म्हणाला, उद्या बदला, एका दिवसात रंग उडत नाही.

मी बबनरावांना फोन लावला. "बबनराव, मी लोणीला चालले आहे. पट्ट्या उद्या बांधू. आणि दिगंबरला आज खालीच ठेवा. त्याला आठवणीने सांगा, मी येणार नाही म्हणून."

"सांगतो की. तुमी जावा निवांत."

लोणीचा रस्ता सोलापूर रोडने, म्हणजे हडपसरवरूनच. आमच्या साइटचं वळण वाटेतच लागतं. मी त्या वळणावर गाडी हळू केली. तिथून नववा मजला दिसत होता, उन्हात नव्या काचा चमकत होत्या. वाटलं, पाच मिनिटं जाऊन यावं. टक टक करून निघावं. पण मागून बसने जो हॉर्न मारला... आणि चाळीस माणसं खोळंबलेली... मी गिअर टाकला आणि सरळ निघून गेले. बबनरावांनी सांगितलं असेलच, असं स्वतःला समजावत गेले.

लोणीची बॅच चांगली होती. बहुतेक आसपासच्या गावांतली माणसं, शिकायला उत्सुक. पोत्यांचा खेळ झाला, टाळ्या पडल्या. मग मी हॉलमध्ये एका खांबाला बांधलेल्या दोरीवर हूक कसा लावायचा ते दाखवत होते. हूक हातात होता, वाक्य अर्धं तोंडात होतं...

आणि हॉलमधला आवाज गेला.

म्हणजे कसं सांगू! चक्कर नाही, अंधारी नाही. कोणीतरी रेडिओ बंद करावा तसा आवाज गेला आणि समोरून भणाणता वारा आला. बंद हॉलमध्ये वारा! काचा चिकटवायच्या सिलिकॉनचा तो आंबट वास आला, व्हिनेगरसारखा — ज्यांनी घेतलाय त्यांना कळेल, दुसऱ्या कशाचा येत नाही. माझ्या बोटांना थंडगार पोलादी दोर लागला. आणि मी खच्चून ओरडले, "दिगंबर, हूक कुठंय? स्वतःलाच धरून पडशील काय?"

हात वर गेला. हवेतच दोन टिचक्या मारल्या.

मग आवाज परत आला. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ अदबीने उभे राहिले आणि म्हणाले, "म्याडम, हितं दिगंबर कुनी न्हाय."

साइट इंजिनिअर अमोल धावत पाणी घेऊन आला. "मॅडम, बसा. बीपी लो झालं असेल. नाश्ता केलात का?" मी केला होता, पोहे, बशीभरून. मला काहीही होत नव्हतं. उलट अंगात अशी तरतरी आली होती की धावत सुटावं! मी दारावरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला वीस कमी. अपघाताच्या कामात मुरलेल्या माणसाची ही खोड, आधी वेळ बघायची. अमोलनेही पाहिली, कारण मी मोठ्याने म्हटलं, "किती वाजले?"

शिकवणं पुढे चालू केलं. पाचदहा मिनिटांत मोबाइल वाजला. बबनराव. आवाज फाटलेला.

"म्याडम... दिगंबर पडला!"

पुढचे दोन क्षण मी तुम्हाला लिहून दाखवू शकत नाही. माझी सही डोळ्यांपुढे आली. हाइट पासवरची, निळ्या शाईची.

"पडला, पन लटाकला! म्याडम, हूक हुता! हूक लावलेला हुता! वढून घेतलाय आत, बसलाय, बोलतोय... म्याडम? आयकताय न्हवं?"

मी हॉलच्या मधोमध उभी राहून रडले. चाळीस अनोळखी माणसांसमोर, मोठ्याने, नाक वगैरे गळत. आणि लगेच हसले. आणि मग त्यांना सांगितलं की, माझा एक माणूस आत्ता नवव्या मजल्यावरून पडला आणि जिवंत आहे. हॉलमध्ये जी टाळी पडली ना... पोत्याला पडते ती टाळी वेगळी!

साइटवर पोचेपर्यंत मी काय गाडी चालवली, ते सेफ्टी ऑफिसरने सांगू नये.

झालं होतं असं. काचेच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायला लोखंडी ब्रॅकेटवर फळी टाकलेली होती. एका टोकाचं ब्रॅकेट ढिलं झालं होतं. दिगंबरने फळीवर दोन्ही पाय ठेवले आणि फळी पायाखालून गेली. तो दीड-दोन मीटर खाली गेला आणि दोरीला लटकला. त्यात शहाण्याने काय करावं? मी शिकवलेलं केलं! लटकल्यावर पाय हलवत राहायचे, नाहीतर पट्ट्याने मांड्यांचं रक्त अडतं. हा नवव्या मजल्याबाहेर हवेत सायकल चालवत होता आणि वर ओरडत होता, "ओढा ना बाप्पा, किती दूर नेता!" खालचे लोक सांगतात, आधी किंचाळले आणि मग हसले. त्याचा जोडीदार रघू आणि बाकीच्यांनी मिळून त्याला खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून आत घेतला.

प्रथमोपचाराच्या खोलीत दिगंबर चहा पीत बसला होता. डॉक्टर येऊन गेले होते. मांड्यांवर पट्ट्याचे लाल वळ, कोपर खरचटलेलं, बाकी धडधाकट. मला बघून उठायला लागला.

"बरं झालं मॅडम तुमी टायमावर आल्या."

मी म्हटलं, "अरे, मी आत्ता पोचतेय. ट्रॅफिक केवढा होता."

"आत्ता नाही, सकाळी. हूक लावाले."

मला वाटलं, धक्का बसलाय. असं होतं, आम्हाला शिकवलेलं असतं. मी शांतपणे म्हटलं, "दिगंबर, मी सकाळी लोणीला होते."

तो हसला, मी थट्टा करते आहे असं समजून. "काय मॅडम! मी कडेले बसून तुमची वाट पाहून राह्यलो होतो. हूक असा छातीले. तुमी मागून आल्या, वरडल्या — हूक कुठंय, स्वतःलेच धरून पडशील काय! काढला, दोरले लावला, दोनदा ओढला. पट्टी बदलली. डोक्शावर टकटक केलं. तवा मी बाहेर पाय टाकला."

"पट्टी?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

त्याचा पट्टा कोपऱ्यात खुर्चीवर ठेवला होता. मी उचलला. खांद्याजवळ, जिथे मी बांधते तिथेच, हिरवी पट्टी होती. निळी नव्हती. आणि हिरवीचं उरलेलं शेपूट कापून, टोक आतल्या बाजूला वळवून कापडाखाली खोचलेलं होतं. असं फक्त मी करते. कापलेलं टोक मानेला टोचतं म्हणून. दुसरं कोणीही एवढी उस्तवार करत नाही, सगळे कापतात आणि सोडून देतात.

बबनराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा आधीच उतरलेला होता, कारण काचांचा ट्रक आला त्या गडबडीत ते दिगंबरला निरोप द्यायचं साफ विसरले होते. आता तो पांढराफटक पडला. मी बॅगेतून पुडा काढला. सीलबंद. त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळीकडून फिरवून पाहिला, प्लास्टिक कुठे फाटलेलं नव्हतं. आम्ही तिथेच तो फोडला आणि टेबलावर पट्ट्या मोजल्या. बबनरावांनी एकदा, मी दोनदा.

नव्व्याण्णव.

आता तुमच्यातले शहाणे लगेच म्हणतील, आणि मीही म्हटलं होतं, की शंभराच्या पुड्यात नव्व्याण्णव निघणं ही अमानवीय घटना नव्हे, हा आपल्याकडे नित्याचा व्यवहार आहे. मान्य! पण मग त्या पट्ट्यावर हिरवी आली कुठून? साइटवर इलेक्ट्रिशियनकडे काळ्या आणि पांढऱ्या होत्या, मी सगळ्यांचे डबे उपसले. गेटवरचं रजिस्टर बघितलं, माझी नोंद नाही. रघूला विचारलं. तो त्याच वेळी सिलिकॉनची नळी आणायला आठव्या मजल्यावर गेला होता आणि जिना एकच. खाली जाताना, वर येताना, कोणी भेटलं का? "कुणीच नाही मॅडम." निळी पट्टी कापलेली कुठे पडली असेल म्हणून मी नववा मजला झाडून घेतला. मिळाली नाही.

आणि वेळ? रघू म्हणाला, खाली गेला तेव्हा त्याने मोबाइल पाहिला होता. अकराला पंचवीस कमी. परत आला तर दिगंबर बाहेर लटकलेला. लोणीचं घड्याळ मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे. तिथे चाळीस साक्षीदार आणि एक अमोल.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "तू? दोन ठिकाणी? एका ठिकाणी कधी वेळेवर पोचलीस का?" पण जेवताना मला दोनदा तूप वाढलं तिने, आणि हात जरा वेळ माझ्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला जाऊन सांगितलं की दिगंबरला पास देण्यात माझी चूक झाली होती. पास रद्द केला, त्याला आठ दिवस पुन्हा शिकवलं, पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी हूक थेट दोराकडे गेला. सगळी ब्रॅकेटं एकूण एक तपासली. रिपोर्टमध्ये काय लिहावं हा प्रश्नच होता. शेवटी लिहिलं, 'हूक योग्य ठिकाणी लावलेला असल्याने जीवितहानी टळली.' खोटं नाही त्यात काही. मॅनेजरने वर शेरा मारला, 'ट्रेनिंग प्रभावी'.

दिगंबर आता नागपूरला स्वतः उंचीवरच्या कामाचं ट्रेनिंग देतो! वाळूची पोती ढकलतो, टाळ्या घेतो. दर वर्षी त्याच एक तारखेच्या आसपास फोन करतो. यंदा मी ठरवून विषय काढला. म्हटलं, "दिगंबर, आता आपण दोघं म्हातारे व्हायला लागलो. खरं सांग. कंटाळून तूच लावला असशील ना हूक? ट्रेनिंगमधलं वाक्य डोक्यात घुमलं असेल, आणि वाटलं असेल मी आले."

त्याने आधी ठाम 'नाही' म्हटलं. मग म्हणाला, "मॅडम, रघूचा पट्टा त्या दिवशी खिळ्याले टांगून होता. उकडते म्हणून काढला होता त्यानं. नळी आणाले जाताना मले म्हणाला, मी येईपर्यंत तुझी मॅडम नाही आली तं मीच जातो फळीवर. तो तसाच गेला असता, बिनपट्ट्याचा."

हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. रघूने तर नाहीच.

"आन् मी म्हणाल तं," दिगंबर म्हणाला, "तुमी आल्या नसत्या तं मी बाहेर पाय टाकलाच नसता. संध्याकाळपर्यंत बसून राह्यलो असतो. शब्द देल्ला होता ना तुमाले."

मला रागवावं, हसावं, रडावं, काही कळेना. म्हणजे तो खरंच माझी वाट बघत बसला होता. आणि मी बसच्या हॉर्नला घाबरून वळणावरून निघून गेले होते.

तर मंडळी, माझा रिपोर्ट असा आहे. दोन माणसं वाचली — का? दिगंबरचा हूक दोराला होता. का? कोणीतरी येऊन लावला. का? रोज येईन असा मी शब्द दिला होता. चौथ्या 'का'पुढे रकाना कोरा आहे. मी तर तिथे गेलेच नव्हते. मी अजूनही भूतखेत मानत नाही, ताईत बांधत नाही, वाद घालायलाही तयार आहे. तुमच्यापैकी कोणाला पटेल असं कारण सुचलं तर अवश्य लिहा, मी रागावणार नाही.

ती हिरवी पट्टी मी त्याच दिवशी पट्ट्यावरून कापून घेतली. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि अजूनही सोलापूर रोडने जायची वेळ आली की मी त्या वळणावर गाडी वळवते, इमारतीच्या गेटसमोर पाच मिनिटं थांबते, नववा मजला बघते आणि मग पुढे जाते. मागून कितीही हॉर्न वाजू देत.